साडूंची पसंती

आमच्या साडूंना एका फटक्यात पसंत पडेल अशी वस्तू अजून या भूतलावर निर्माण व्हायची आहे. दिवेआगरला पोफळीची वाडी, नोकरी सोडल्यापासून जडलेलं प्रोग्रॅमिंगचं वेड आणि दर रविवारी ओटीवर जमणारी आम्हा सहाजणांची मंडळी, एवढंच त्यांचं जग. मंडळींनी मिळून हातभार लावायला एक ओपन सोर्स प्रकल्प निवडायचा, म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून दुरुस्त करावा असा, आणि तो विंडोज, लिनक्स, मॅक, मोबाईल सगळीकडे चालला पाहिजे, हे पहिल्याच रविवारी ठरलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

नकाराला साडूंना कारण कधी कमी पडत नाही. चित्रं काढायचा एक प्रकल्प मॅकवर उघडताना जरासा अडखळला, तो गेला. दुसरा सगळीकडे उत्तम चालला, तेव्हा साडूंनी तो सांभाळणाऱ्यांचा जुना पत्रव्यवहार वाचून काढला. "नवख्यावर खेकसतात हो! अशा घरात आपली माणसं पाठवायची नाहीत." तिसऱ्यासाठी बोर्लीच्या झेरॉक्सवाल्याचा जुनाट कॉम्प्युटर मागून आणला. तो मुळात सुरूच झाला नाही, तर दोष प्रकल्पाचा! मी हसत होतो, तेव्हा मेव्हणीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "भावोजी, हसा तुम्ही. पण निवडून झालं की जो तो घरी बसूनच काम करणार. मग इथे कोण येईल? यांना बोलायला आठवडाभर दुसरं आहे कोण?"

मी ते कानाआड केलं. मला निकाल लावायची भारी हौस. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा एक प्रकल्प मी पुढे केला. "काका, माज्या फुटक्या मोबाईलवर बी चालतंय. आता न्हाय म्हनू नका," आमचा बोटीवर जाणारा सभासद म्हणाला. मी लगेच मतं घेतली. भराभर हात वर झाले, साडूंचा सगळ्यात शेवटी.

काम झकास सुरू झालं, ज्याच्या त्याच्या घरून. दोन रविवार कुणीच फिरकलं नाही, मीही नाही. तिसऱ्या रविवारी गेलो, तर ओटीवर चटया अंथरलेल्या आणि साडू एकटेच लॅपटॉप मांडून बसलेले. मला फार वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला. मला बघताच ते धडपडत उठले.

"या, या! अहो, त्या प्रकल्पात खोट सापडलीय. पुन्हा निवडायला हवं."

कसली खोट, हे मी विचारलंसुद्धा नाही. "मला पहिल्यापासून शंका होतीच," म्हटलं, आणि एकेकाला फोन लावायला घेतला.