नांदगावचा पाऊस वगळला

माझी मैत्रीण आणि मी नाशिकच्या एकाच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. पावसाचा अभ्यास दोघींनी मिळूनच सुरू केला. एका तासात जास्तीत जास्त किती पाऊस पडतो, अर्ध्या दिवसात किती, पूर्ण दिवसात किती, आणि वेळ वाढवत नेली की हा आकडा कसा वाढत जातो, एवढंच शोधायचं होतं. सुरगाण्याच्या डोंगरात पाऊस लागला की थांबत नाही. तिथली रेघ आलेखावर सरळ चढत जाते. नांदगावच्या कोरड्या हवेत एखादी सर तासभर झोडपते आणि मग दिवसभर ऊन. तिथली रेघ लवकरच आडवी होते.

नांदगावचं पर्जन्यमापक एका शिक्षिकाबाईंच्या गच्चीवर होतं. त्यांना आम्ही दोघी ताई म्हणायचो. आम्ही येणार कळलं की त्या सुट्टी टाकायच्या. मैत्रीण दरवेळी नोंदी तपासायची आणि म्हणायची, "ताई, तुमच्याइतकं नीट कोणी ठेवत नाही."

अभ्यास कॉलेजच्या सभागृहात मांडायचा ठरला तेव्हा ताईंना मीच आग्रहाने बोलावलं. मैत्रिणीने पडद्यावर एकच रेघ दाखवली. "संपूर्ण जिल्ह्याला हा एकच नियम लागू पडतो," ती म्हणाली. खाली माझंही नाव होतं. आदल्या आठवड्यात मी पाहिलेल्या मसुद्यात रेघा दोन होत्या, सुरगाण्याची आणि नांदगावची.

ताईंनी मला हळूच विचारलं, "मॅडम, आमचा पाऊस कुठंय यात?"

मी उभी राहिले. "नांदगावच्या नोंदी का नाहीत?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "त्या भरवशाच्या नव्हत्या," सभागृहाकडे बघत ती म्हणाली. "ज्यांच्याकडे यंत्र होतं, त्यांनी लक्ष दिलं नाही."

ताई उठून बाहेर पडल्या. मी त्यांना जिन्यात गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, ताई."

"मग तुमचं नाव कसं त्यावर?"

त्या जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मैत्रीण म्हणाली, "एक नियम सांगितला की लोक ऐकतात. दोन म्हटले की संपलं. तुला आधी सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं."

तिच्या आवाजात ओशाळलेपण नव्हतं. ते मला अजून सलतं. इतकी वर्षं ती मला नीट ओळखत होती, आणि ती ओळख तिने माझ्याच विरुद्ध वापरली.

मी त्या अभ्यासातून माझं नाव काढून घेतलं आणि नांदगावबद्दल एकटीने वेगळं लिहिलं. ते छापून आल्यावर ताईंना नेऊन दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण यंत्र आता घेऊन जा, मॅडम. राग नाही तुमच्यावर. कोणी परत माझ्या नोंदी बघायला येणार म्हटलं की धस्स होतं."

मी गच्चीवर जाऊन यंत्राला पाना लावला. ताई खालीच थांबल्या.