१४० क्रमांकाचे कार्ड

"बालाघाटच्या खाण-कचेरीकडून येणाऱ्या कार्डांत पंचिंगच्या इतक्या चुका असत, की कंपायलरचे संदेश यंत्राकडूनच तपासून घेण्याची पद्धत अखेर मला बसवावी लागली. तेथील पंचिंग करणाऱ्या बाईंना दूर केल्यावर काम सुरळीत झाले."

नागपूरच्या एका संगणक केंद्रातून निवृत्त झालेल्या मंडळींनी काढलेल्या स्मरणिकेत ही दोन वाक्ये छापून आली आहेत. लिहिणारे गृहस्थ सत्तरच्या दशकात तेथे प्रोग्रामर होते. दोन वाक्यांत तीन असत्ये बसवण्याची हातोटी त्यांना तेव्हाही होती. मी ब्याऐंशी वर्षांचा आहे, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा. त्यांच्या आधी माझे काही बरेवाईट झाले असते तर हे असत्य बिनविरोध राहिले असते, या एका विचाराने मी गेले दोन महिने प्रकृतीला जपून आहे.

स्मरणिका मला कोणी पाठवली नाही. ती आणली त्या बाईंच्या नातीने. नात संगणकाचेच काम करते, त्यामुळे आजीचे नाव नसतानाही ही आजीच हे तिने ओळखले. "आजोबा, आजीले खरंच गलतीसाठी काढलं होतं का? ती तं काही बोलतच नाही," असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर देण्यास माझ्याइतका बांधलेला दुसरा माणूस हयात नाही.

आमच्या बालाघाटच्या कचेरीत संगणक नव्हता. मँगनीजच्या नमुन्यांची प्रतवारी ठरवण्याचे प्रोग्राम मी कोडिंग शीटवर हाताने लिहीत असे, आणि पंचिंगच्या यंत्रावर बाई छिद्रे पाडून त्याची कार्डे करीत. एका ओळीला एक कार्ड, आणि कार्डाच्या उजव्या टोकाला त्याचा क्रमांक: १०, २०, ३०. मध्ये एखादे कार्ड घालावे लागले तर जागा असावी म्हणून दहा-दहाची उडी. कार्डांचे खोके बसने राजेगाववरून गोंदियाला आणि तेथून रेल्वेने नागपूरला जाई. तेथे कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेले यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, ती कार्डे वाचीत असे. काही चुकले असेल तर तो संदेश छापी, आणि तो कागद आठवड्याने आमच्या हाती येई.

मूळ कंपायलर चूक कोणत्या प्रकारची याचा केवळ क्रमांक छापून थांबत असे. या गृहस्थांनी त्यात आपली भर घातली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. त्यांच्या संदेशाच्या तीन ओळी असत. पहिलीत चुकीच्या प्रकाराचा क्रमांक, दुसरीत चुकलेले कार्ड टोकाच्या क्रमांकासह जसेच्या तसे, आणि तिसरीत नेमक्या चुकलेल्या अक्षराखाली एक फुली. कल्पना चांगली होती. शत्रूचीही चांगली गोष्ट मी नाकारीत नाही.

एकदा आमच्या प्रोग्रामचे खोके परत आले तेव्हा कागदावर १४० क्रमांकाचे कार्ड छापलेले होते आणि त्याच्या एकतिसाव्या अक्षराखाली फुली होती. शेजारी लाल शाईने शेरा होता: पंचिंग सदोष. बाईंनी ते कार्ड खिडकीशी धरून छिद्र न् छिद्र माझ्या कोडिंग शीटशी ताडून पाहिले. दोष सापडला नाही, तरी त्यांनी कार्ड नव्याने केले. आठवड्याने तीच फुली परत आली, आणि या वेळी शेरा होता की संबंधितांचे डोळे तपासून घ्यावेत. तिसऱ्यांदा कार्ड केले, तिसऱ्यांदा फुली. मग शेऱ्याऐवजी आमच्या मॅनेजरच्या नावे पत्रच आले. १४० क्रमांकाचे कार्ड वारंवार सदोष येत असून केंद्राचा वेळ वाया जातो, तरी पंचिंगसाठी योग्य व्यक्ती नेमावी, असे त्यात लिहिले होते.

मॅनेजरनी मला बोलावून पत्र पुढे सरकवले आणि म्हणाले, "मशीन को किसी से दुश्मनी थोड़े ही है, बाबूजी।" बाई रोजंदारीवर होत्या. दूर करायला त्यापुढे काही लागले नाही.

त्या जाताना कोणाशी भांडल्या नाहीत. यंत्रावर कापडाचे झाकण घातले, डबा पिशवीत ठेवला आणि माझ्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, "बाबूजी, माहं कार्ड मी तीनदा पाहिलं. आता तुमचा कागद तुम्ही एकदा पाहून घ्या."

मी पाहिला. १४०व्या ओळीत काहीही चुकीचे नव्हते. चूक तिच्या आधीच्या, १३०व्या ओळीत होती. ती चूक माझी होती. कंसानंतर गुणाकाराचे चिन्ह लिहायचे मी विसरलो होतो. ते एक लांब समीकरण होते, ते १३० आणि १४० अशा दोन कार्डांवर पसरले होते. बाईंनी माझ्या कागदावर होते तेच इमानाने कार्डावर उतरवले. तीन आठवडे मला ती चूक दिसली नाही, कारण कोठे पाहायचे हे फुली सांगत होती आणि मी तिच्या सांगण्याबाहेर पाहिले नाही. हा माझा दोष मी लपवीत नाही. लपवणाऱ्यांचा लेख वर उद्धृत केला आहे.

मग फुली १४०खाली का? उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. समीकरण दोन कार्डांवर गेले की तो प्रोग्राम चुकीची जागा पहिल्या कार्डावर मोजत होता आणि छापताना मात्र शेवटचे कार्ड छापत होता. माझे चिन्ह १३०च्या एकतिसाव्या जागी लिहायचे राहून गेले होते, म्हणून फुली १४०च्या एकतिसाव्या अक्षराखाली पडली. ते अक्षर निर्दोष होते आणि ते करणाऱ्या बाईही.

हे मी नागपूरला लिहिले. उलट टपाली उत्तर आले की कंपायलरला शिकवण्याऐवजी मी आपल्या खात्याकडे लक्ष द्यावे. तेव्हा मी ठरवले की यांना यांच्याच यंत्राकडून उत्तर मिळाले पाहिजे. मॅनेजरशी करार केला: संदेश खोटा आहे हे मी सिद्ध केले तर बाई परत येतील, नाही केले तर मीही जाईन. त्यांनी एक रविवार आणि पंचिंगचे यंत्र दिले.

बाईंच्या घरी जाऊन मी काम सांगितले. मला चाळीस लहान लहान प्रोग्राम हवे होते, प्रत्येकात मी सांगेन तेवढी एकच चूक. बाई तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

"चूक नसताना मले हाकललं. अन् आता चुकाच कराले बोलावून राह्यले?"

"हौ. पण मी सांगतो त्याच जागी. एक जास्त नको, एक कमी नको."

"म्हणजे बरोबर चुका पाह्यजेत तुमाले," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "येतो मी. पण कागद आधी दोनदा तपासून आणा, बाबूजी."

कार्डांची पेटी अशी बांधली होती. प्रत्येक चुकीच्या प्रोग्राममागे आणखी तीन कार्डे, आणि त्यांवर कंपायलरने जो संदेश द्यायला हवा त्याच्या तिन्ही ओळी, फुलीसकट. शेवटी माझा एक छोटा प्रोग्राम, जो छापून आलेला संदेश आणि अपेक्षित संदेश ओळीशी ओळ लावून पाहील आणि जुळणार नाहीत तेवढेच सांगेल. माणसाच्या नजरेचा त्यात संबंधच ठेवला नाही, कारण त्या केंद्रातल्या नजरांचा मला अनुभव होता. त्या चाळिसांखेरीज एक प्रोग्राम मुद्दाम निर्दोष ठेवला. तेथे कंपायलरने गप्प बसायला हवे होते. आणि सर्वांत वर, पहिली चाचणी म्हणून, मी वादातली ती दोन कार्डे लावली. बाईंनी केलेली, क्रमांकही तेच, १३० आणि १४०. त्यांना मी हात लावला नाही.

पेटी मांडीवर घेऊन मी स्वतः नागपूरला गेलो. गृहस्थ म्हणाले, "चुका घेऊन एवढ्या लांब आलात? त्या तर तुम्ही दर आठवड्याला घरबसल्या पाठवता." भोवतीची मंडळी हसली. मी आमच्या कचेरीच्या वाट्याची वेळ मागितली आणि पेटी यंत्रात घालायला लावली.

कागद बाहेर आला तेव्हा कोणी हसत नव्हते. एका कार्डात मावणारी जेवढी विधाने होती त्यांचे संदेश पूर्ण जुळले. निर्दोष प्रोग्रामवर कंपायलर गप्प राहिला. दोन कार्डांवर पसरलेल्या प्रत्येक विधानाची पहिली आणि तिसरी ओळ जुळली, दुसरी जुळली नाही: फुली योग्य जागी, पण भलत्या कार्डाखाली. एकाही ठिकाणी अपवाद नव्हता. पेटीत सांगितल्याहून वेगळे असे एकही छिद्र निघाले नाही. गृहस्थांनी कागदाची घडी केली, पेटी "अभ्यासासाठी" ठेवून घेतली आणि लेखी कळवतो म्हणाले.

पंधरा दिवसांनी कळवले ते असे: "संदेशांच्या छपाईत किरकोळ सुधारणा केली आहे." बाईंचा उल्लेख नव्हता, १४० क्रमांकाचा नव्हता, पेटीचा नव्हता. मॅनेजरनी पत्र उलटसुलट पाहून विचारले की यात बाई निर्दोष असल्याचे कोठे लिहिले आहे. मी नागपूरला तीन पत्रे पाठवली, एकालाही उत्तर आले नाही. बाई परत आल्या नाहीत. करारातला माझा भागही मॅनेजर विसरले, आणि मी त्यांना आठवण करून दिली नाही. मी नोकरीत राहिलो. पुढे बाईंचे लग्न होऊन त्या गोंदियाला गेल्या, आणि चुकांसाठी काढलेली बाई ही ओळख बालाघाटच्या त्या कचेरीत मागे राहिली.

काम सुरळीत झाले ते यानंतर. बाई गेल्यामुळे झाले की कंपायलर दुरुस्त केल्यामुळे, हे त्या गृहस्थांना सर्वांहून अधिक ठाऊक आहे.

ते म्हणतील की पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टीला पुरावा काय. मॅनेजरला त्यांनी पाठवलेले पत्र कचेरी बंद होताना रद्दीत निघाले, ते मी घेतले. ते माझ्या पेटाऱ्यात आहे, खाली त्यांची सही आहे, आणि त्यात सदोष कार्डाचा क्रमांक १४० असा स्वच्छ लिहिला आहे. परंतु ते पत्र मी नातीला दाखवले नाही. त्याची गरजच पडली नाही. आपल्या पद्धतीचा मान मिरवताना त्यांनी लेखासोबत "माझ्या पहिल्या चाचणीचा" छापील कागद जोडला आहे. कंपायलर दुरुस्त झाल्यानंतर आमच्याच पेटीवर घेतलेला तो कागद आहे. वर ती दोन कार्डे छापली आहेत, एकापाठोपाठ एक, उजव्या टोकाला क्रमांकांसह. खाली संदेशाच्या तीन ओळी आहेत. मी नातीला भिंग दिले आणि संदेशाच्या दुसऱ्या ओळीच्या, म्हणजे चुकलेल्या कार्डाच्या, टोकाचा आकडा वाचायला सांगितला.

तेथे १३० आहे.