पानपतच्या बाबांचं पाणी

माझ्या हातचं पाणी पोचेल का, ही एकच शंका घेऊन मी पानिपतला गेले होते.

आमच्याकडे पितृपक्षात एक पान जास्तीचं वाढतात. साताऱ्याकडच्या आमच्या गावातून कुणी एक पूर्वज पानिपतच्या लढाईला गेले आणि परतलेच नाहीत. त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. आम्ही त्यांना पानपतचे बाबा म्हणतो. दर वर्षी पप्पा कळव्याच्या आमच्या खोलीत त्या पानाभोवती पाणी फिरवून सोडायचे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला, उजवा हात उचलेना, आणि ते पान राहून गेलं. आजारापेक्षा त्यांना त्याचीच टोचणी जास्त होती.

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. थंडीत आमच्या कल्याणच्या कॉलेजची इतिहासाची सहल पानिपतला निघाली, तेव्हा पप्पांनी गावच्या विहिरीचं पाणी मागवलं आणि बाटलीत भरून मला दिलं. "तूच सोड," एवढंच अडखळत बोलले. काका समोरच बसले होते. "मुलीच्या हातचं पोचतं होय?" ते हसत म्हणाले. मी बाटली पिशवीत ठेवली, पण ते वाक्य कळव्यापासून माझ्यासोबतच होतं.

संग्रहालयात नकाशे होते, तलवारी होत्या. शेवटच्या दिवसांत सैन्याला खायलाही मिळत नव्हतं, असं सर सांगत होते. मी तिथे मनातल्या मनात एखादं नाव शोधत होते. मग आम्ही रणभूमीवरच्या स्मारकापाशी गेलो. मी पिशवी उघडली. बाटली रिकामी होती.

"अगं, ते तुझं होतं?" माझी मैत्रीण घाबरून म्हणाली. "सॉरी ना यार! बसमध्ये तू झोपलेलीस, मला जाम तहान लागलेली."

तिला काय सांगणार? मी बाजूला जाऊन झाडाखाली बसले आणि रडले. वाटलं, काका म्हणाले तेच खरं. देवालाच माझ्या हातचं नको असेल.

जवळच एक म्हातारी बाई मातीच्या पसरट भांड्यांत पाखरांसाठी पाणी ओतत होती. तिने विचारलं, तेव्हा मोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मेरी सास भी यहाँ पानी रखती थी, उसकी सास भी। कहती थी, यहाँ बहुत लोग भूखे-प्यासे गए। नाम किसी का नहीं पता, बेटी।"

तिने माझ्या ओंजळीत घागर कलती केली. मी डोळे मिटून पाणी सोडलं. पिढ्यान् पिढ्या इथे बायकाच पाणी घालत आल्या आहेत, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तिला नाव विचारायचंही राहून गेलं.

घरी आल्यावर बाटलीचं सांगताना मी भीतभीतच होते. पप्पा कितीतरी महिन्यांनी हसले, अर्ध्याच ओठांनी. "तहानलेलीनंच प्यायलं ना? मग पोचलं की."

यंदा पितृपक्षात ते पान मी वाढलं. पप्पा भिंतीला टेकून बसले होते. पाण्याचा तांब्या काकांनीच माझ्या हातात दिला. पाणी कुणापर्यंत जातं, हे मी आता विचारत नाही. सोडणं तेवढं आपलं. पुढची वाट पाण्याची.