मिरचीच्या पोत्यांचं आतडं

मागच्या उन्हाळ्यात मी लहान आतड्यात अडकलो. आतडं मी स्वतःच शिवलेलं होतं, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी नव्हतं.

मी रनाळ्याच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. (फळ्यावर मी काढलेलं जठर बघून तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले होते, "वांगं छान काढलंय!") आणि नेमका माझ्याच मुलीला, दहा वर्षांच्या रुजूला, सिलिअ‍ॅक नावाचा पोटाचा आजार निघाला. म्हणजे गहू कायमचा बंद. तो पोटात गेला की आतड्याच्या आतली बारीक लव झिजते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही.

तीन महिने मी तिला हेच समजावलं. तक्ता दाखवला, आकृत्या काढल्या. ती मान डोलवायची, मैत्रिणीच्या डब्यातली पोळी खाऊन यायची आणि संध्याकाळी पोट धरून बसायची. वजन काही वाढेना. एकदा तिच्या दप्तरात पोळीचा तुकडा सापडला, तोही माझ्याच आकृतीच्या कागदात गुंडाळलेला!

मग नंदुरबारच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर तो व्हीआरचा चष्मा चढवला. समोर अख्खं आतडं उभं राहतं, आपण त्यातून फिरतो आणि कानात एक ताई गोड आवाजात सगळं सांगते म्हणे. दहा मिनिटांनी रुजूने चष्मा काढला.

"पप्पा, मी मन्हा आतडामा फिरी उनू! गहू खाधा का लव झडी जास. तुम्ही मले आधी काब्रं नही सांगं?"

काब्रं नही सांगं, म्हणजे का नाही सांगितलं म्हणे! मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर छताकडे बघत होते.

त्या दिवसापासून घरात ताईचं राज्य सुरू झालं. "ताई सांगस, कळण्यानी भाकर खावानी." ज्वारी-उडीद दळून आणणारा मी, भाकरी थापणारी माझी बायको, आणि श्रेय कोणाला? जिला ना हात ना पाय, नुसता आवाज! त्यात पुढच्या तपासणीला दवाखान्यात बायकोनेही त्या चष्म्याला कान लावला आणि म्हणाली, "तिना आवाज कितला गोड शे!" माझ्या पोटात अशी आग पडली, की आता आपल्यालाही काहीतरी निघतंय अशी शंका आली. खरं सांगतो, मी एका चष्म्यावर जळत होतो.

दोन आठवड्यांनी म्हसावदला बायकोच्या भाचीचं लग्न होतं. आमच्याकडचं लग्न म्हणजे मांडे, मांडे म्हणजे गहू, आणि मांडे म्हणजे रुजूचा जीव की प्राण! तिथे तिने मांड्याला हात लावू नये, आणि तेही ताईच्या नाही, माझ्या शब्दाने, एवढंच मला हवं होतं. मग मी ठरवलं, आपण खरंखुरं आतडं करायचं. चष्म्यात नुसतं दिसतं, इथे हात लागेल!

शेजारचे शेठजी मिरचीचे व्यापारी. त्यांच्याकडून चौदा रिकामी पोती आणली.

"मास्तर, आधी धोई ल्या बरं," ते म्हणाले.

"झटकी लिसू!" मी म्हणालो. (नंदुरबारसारख्या मिरचीच्या गावाजवळ जन्म काढलेल्या माणसाने हे बोलावं!)

दाभणाने पोती एकमेकांना जोडली. लव म्हणून आतून गुलाबी लोकर टाचली. ते आतडं खाटेखालून, कपाटाला वळसा घालून थेट स्वयंपाकघरापर्यंत नेलं. गल्लीतली पोरं जमली. मी डोक्याला पिवळा टॉवेल गुंडाळून गव्हाचा दाणा झालो.

"रुजू, तुनी ताईले आसं जमी का?" असं विचारून मी आत शिरलो.

खाटेखालपर्यंत ठीक होतं. कपाटाच्या वळणावर माझं पोट अडकलं. (गव्हाच्या दाण्याला ढेरी असेल, हे शिवताना लक्षात आलं नव्हतं.) मी जोर लावला, आणि चौदा पोत्यांच्या शिवणीत दडून बसलेली मिरची एकदम उठली. एक शिंक आली, मग दुसरी, मग मोजायची सोय राहिली नाही. डोळे पेटले.

"वढा रे! मले बाहेर काढा!"

बाहेर टाळ्या! पोरांना वाटलं, कार्यक्रमच आहे. त्या गदारोळात रुजूचा आवाज आला. शांत, गोड, हुबेहूब त्या ताईसारखा.

"देखा, आतडाले गहू चालत नही. आते आतडं कसं चिडनं देखा. लव बी झडी ऱ्हायनी." (मी हातपाय झाडत होतो आणि लोकर खरोखर सुटत होती!)

"अवं रुजू, तुन्हा बाप मरी ऱ्हायना!"

"गहू बोलत नही," रुजू म्हणाली.

शेवटी बायको धावत आली. तिने एक पाय धरला, शेठजींनी दुसरा. ज्या तोंडाने आत गेलो त्याच तोंडाने बाहेर आलो, म्हणजे शास्त्रीय भाषेत उलटी झाली. बायकोने तोंडावर गार दूध ओतलं. शेठजी म्हणाले, "मी सांगं व्हतं, धोई ल्या." पुढचे दोन दिवस माझे डोळे उघडतच नव्हते. शिवाय रुजूने मला विचारलं, की ताईला हे सगळं सांगू का!

म्हसावदच्या पंगतीत मांडे आले. बायकोच्या मोठ्या बहिणीने रुजूच्या ताटात एक वाढलाही. "खाय वं बेटा, एक घासनी काय व्हस?"

रुजूने मांड्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं! मग तिने ताट सारलं.

"नको मावशी. मले गहू चालत नही."

"कोनी सांगं तुले?"

आता ताईचं नाव आलं तर पंगतीतून उठायचं, असं मी ठरवून टाकलं.

"मन्हा पप्पानी," रुजू म्हणाली.

माझे डोळे भरून आले. या वेळी मिरची नव्हती! मी शर्टाची कॉलर नीट केली, आजूबाजूला बघितलं, सगळ्यांनी ऐकलंय याची खात्री करून घेतली. तोवर रुजूने अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात पुढचं सांगितलं.

"पप्पा सोता गहू व्हयनात, अन् आतडानी त्यासले बाहेर फेकी दिधं! चष्मामा तितलं चांगलं दखात नही."

चष्म्याला मी हरवलं होतं. फक्त ते मास्तर म्हणून नव्हे, तर अपचन म्हणून!