आखाजीचा झोका आणि माझा बासरीवाला

निंबाच्या फांदीवर नवा दोर घासला की एक करकर उमटते. जराशी रडकी, जराशी लाडिक. वैशाखाच्या तप्त दुपारी ती कानी पडली, की आमच्या म्हसावदच्या गल्लीत कुणाला पंचांग उघडावं लागत नाही. आखाजी आली! अक्षय्य तृतीया हे तिचं कागदावरचं नाव. माहेरी आलेल्या लेकींना विचाराल तर दिवाळीसुद्धा तिच्यापुढे फिकी. झोक्यावर बसावं, गळा मोकळा सोडावा, सासूचा गाण्यातून यथेच्छ उद्धार करावा आणि त्यावर कुणी चकार शब्द काढू नये, असं अभय त्यांना वर्षातून एकदाच लाभतं.

यंदा ते अभय माझ्या धाकट्या बहिणीकडून, सुमनकडून, मी हिरावून घेतलं. कशासाठी, तर संगीतप्रेमासाठी! खापरला तिच्या सासरी मुराळी म्हणून मीच गेलो होतो, आणि बहिणीला आणायला गेलेल्या भावाचा मान डोक्यात जायला वेळ लागत नाही. परतीच्या वाटेवरच मी जाहीर केलं, की सणाच्या संध्याकाळी शहाद्याला माझ्या लाडक्या बासरीवाल्याची मैफल आहे आणि तिनं यायचंच. मैत्रिणी झोक्यापाशी वाट पाहतील, असं ती पुटपुटली. त्यावर मी तिला नादब्रह्माचं प्रवचन ऐकवलं. रसिकतेची बाधा झालेला मनुष्य किती निर्दय होऊ शकतो, सांगा बरं!

पण का होऊ नये बाधा? तारुण्यातल्या सगळ्या पडझडीत ह्याच माणसाच्या कॅसेटनं मला सावरलं होतं. सुरांहूनही मला प्रिय होता तो सुराआधीचा त्याचा श्वास. तो स्पष्ट ऐकू यायचा. जणू आपल्याच उशाशी बसून कुणी हलकेच उसासा टाकावा.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पटांगणात आधी सत्कार झाले. अंगाची लाही होत असताना माणसाला शाल पांघरवण्याची ही प्रथा ज्यानं शोधली, त्याला एकदा वैशाखात शहाद्याला आणून बसवावं! मग सूर्य मावळल्यावर काळा गॉगल लावून माझं दैवत अवतरलं. त्यानं आम्हाला मोबाइलचे दिवे लावायला सांगितले, टाळ्या वाजवायला सांगितलं, आवाज कमी येतोय म्हणून दटावलं. अखेर बासरी सुरू झाली आणि मी डोळे मिटले. जाणत्यानं मिटल्या डोळ्यांनीच ऐकावं, हा माझा जुना दंडक. काहीतरी खटकत होतं खरं. तो श्वास कुठे होता? मी स्पीकरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. भक्ताला दोष द्यायला दुसरं कुणीतरी नेहमीच सापडतं! डोलत डोलत मी हात उंचावून मोठ्यानं ‘वाहवा’ म्हणालो. तेवढ्यात सुमननं माझं कोपर हलवलं.

“भाऊ, डोया उघड. बासरी तं त्याना हातमा शे.”

उघडले. खरंच, बासरी त्याच्या हातात होती; गुराख्याच्या काठीसारखी उंच धरलेली. दुसऱ्या हातानं तो गर्दीला टाटा करत होता, हसत होता, आणि सूर मात्र ओठांवाचून, फुंकरीवाचून, अखंड झरत होते. माझा हात अजून वरच! बेसूर वाजवला असता तर माफ केलं असतं. दमलास, आज होत नाही, असं म्हणाला असता तर डोळ्यांत पाणी आलं असतं माझ्या. पण ही कसली आयती, डबाबंद तन्मयता? आणि चिडू तरी कुणावर? डोळे त्यानं थोडेच मिटायला लावले होते!

मैफल अर्धी टाकून आम्ही निघालो. वाटभर मी करवादत होतो. गल्लीत पोचलो तेव्हा मैत्रिणी घरोघर पांगल्या होत्या आणि रिकामा झोका लोंबकळत होता. सुमन जाऊन त्यावर बसली. झोका द्यायला दुसरं कुणीच नव्हतं, तेव्हा मी उभा राहिलो.

तिनं गाणं धरलं. पटांगणातल्या धुळीनं घसा बसलेला. वरच्या सुराशी आवाज फाटला, दुसऱ्या ओळीला दम पुरेना. ती श्वास घ्यायला थांबली आणि गाणंही थांबलं. त्या पोकळीत फक्त दोराची करकर. मग मला तो श्वास ऐकू आला, अगदी स्पष्ट, आणि गाणं पुढे निघालं. सासूच्या जागी यंदा माझं नाव घालून ती माझा उद्धार करत होती.

मी निमूट झोका देत राहिलो. डोळे उघडे ठेवून.