लिंबूटिंबूचा रिमोट

नापास करता येणार नाही अशी वस्तू जगात अजून तयार झालेली नाही, यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची गाढ श्रद्धा आहे. इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. आठवडाभर पाइप नापास करून माणसाने शनिवारी उम्म अल कुवैनच्या घरात स्वस्थ पडून राहावं. हे गृहस्थ तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम नापास करायला बसतात. त्यांचं रीतसर चॅनेल आहे, ‘जुना गेम, आजची नजर’. वर इस्त्रीचा शर्ट, खाली कॅमेऱ्यात न दिसणारा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी तिच्यात फुंकर मारायची आणि मग एखाद्या पाइपकडे बघावं तसं टीव्हीकडे बघायचं. एका गेमचा नायक गच्चीवरून गच्चीवर उड्या मारतो. ‘हार्नेस नाही, हेल्मेट नाही,’ शेजारी म्हणाले. ‘याला वर्क परमिट कोणी दिलं? रिजेक्ट.’ मोटरसायकलच्या शर्यतीत अख्ख्या रस्त्यावर एक पेट्रोल पंप नाही म्हणून तीही खलास. दहापैकी साडेसहा हा त्यांच्या दरबारातला उच्चांक आहे. मग खेळता तरी कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘अहो, नापास करायला तरी खेळावं लागतंच ना.’

प्रत्येक परीक्षणात एक वाक्य मात्र ठरलेलं. ‘आजच्या गेममध्ये जोडीदार जगात कुठेही असला तरी चालतो. या गेममध्ये तो शेजारी बसावा लागतो.’ एवढं म्हणून ते सोफ्यावरच्या, गेम खेळायच्या दुसऱ्या रिमोटकडे बघत आणि उगाच खोकत. चार वर्षांपूर्वी लेकीच्या कॉलेजसाठी वहिनी तिला घेऊन पुण्याला गेल्या, तेव्हापासून सोफ्याची ती बाजू रिकामीच आहे. दर शनिवारी व्हिडिओची लिंक लेकीला जाते. तिच्याकडून लगेच अंगठा येतो, ‘नाइस, बाबा’ येतं, पण व्हिडिओ पाहणाऱ्यांचा आकडा दोनवरच राहतो. त्यातले एक ते स्वतः आणि दुसरा मी. तो आकडा बघायला ते दिवसातून किती वेळा फोन उघडतात, हे मला ठाऊक आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात त्यांनी रणगाड्यांचा गेम तपासायला घेतला. ग्राफिक्स, आवाज, सगळं नापास करून झालं आणि मध्येच ते थांबले. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, ‘बाळा, एक सांगायचं राहिलंय. तू चार वर्षांची होतीस. हा गेम मी एकटाच खेळायचो. तुला दिलेल्या रिमोटची वायर मशीनला लावलेलीच नसायची. तू लिंबूटिंबू होतीस. बटणं दाबून “आपण जिंकलो” म्हणत नाचायचीस. फसवलं मी तुला. सॉरी.’ लिंक पाठवली. अंगठा आला. आकडा दोनच.

दुसऱ्या शनिवारी मी वर गेलो तर शर्ट नाही, कॅमेरा नाही. फोन हातात धरून बसले होते. आकडा तीन झाला होता. त्यांनी लेकीचा व्हॉइस मेसेज मला ऐकवला. ‘बाबा, आय ऑलवेज न्यू. वायर सोफ्याखालीच असायची. बट मी तसं सांगितलं असतं तर यू वुड हॅव हॅड टु प्ले अलोन, ना?’ एवढंच होतं. त्यांनी तो पुन्हा लावला. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘म्हणजे लिंबूटिंबू मीच होतो की हो.’

त्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली, दुसरा रिमोट माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, ‘यल्ला, चला, बसा शेजारी.’ टीव्हीवर एकच रणगाडा फिरू लागला. मी खाली पाहिलं. माझी वायर सोफ्याखाली मोकळीच पडली होती. सवयीने राहिली की मुद्दाम, मी विचारलं नाही. संध्याकाळ होईपर्यंत मी जोरजोरात बटणं दाबत राहिलो आणि शत्रूचा शेवटचा रणगाडा फुटला तेव्हा त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, ‘आपण जिंकलो.’