जनावर कोणाचं?

बायांनो, आज दिवेलागणीला मी मरता मरता वाचले. ऐका.

दसरा तोंडावर आला म्हणून कापसाचा कोठा सारवायला घेतला होता. कोपऱ्यात सारवत बसले अन् मागं वळून पाहते तर उंबऱ्यावर नाग! दार एकच, खिडकी नाही. हाताशी फक्त शेणाचं टोपलं.

सांजच्याला सापाचं नाव घेत नाहीत आपल्यात, म्हणून मी ओरडले, "अहो, जनावर आलं दारात!"

मालक अंगणात दोर वळत होते. काठी उचलून धावले ते थेट फाटकाकडे! तिथून विचारतात, "कोनाचं हाय वं?"

"कोनाचं काऊन पुसून राह्यले! इकडं या ना!"

"पयले त्याले हुडकून कोंडवाड्यात टाकतो, मंग येतो!"

कोंडली होती मी. त्यानं फणा काढला. शेवटी किंचाळले, "साप! साप! साप!"

तेव्हा मालक आले. त्यांच्या पायांची चाहूल लागताच नाग दाराबाहेरच्या कडब्यात शिरला. अन् हे मलाच म्हणतात, "दिवे लागले तं नाव काऊन घेतलं? तेही तीनदा!"

खरं सांगा बायांनो, तुम्ही काय ओरडल्या असत्या?